मले आणि माले

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला उन्हाळी वाळवणांविषयी लिहिलं, त्यावर तुमची बरीच पत्रं आली. बिबड्यांसाठी ज्वारी किती दिवस भिजवायची, कुरडयांचा चीक गुठळी का धरतो, साबुदाण्याच्या पापड्या तळताना फुलत का नाहीत, अशा सगळ्या शंका माझ्यापाशी जपून ठेवल्या आहेत. त्यांची उत्तरं पुढच्या वेळी नक्की देईन. आज मात्र एका वेगळ्याच पत्राला आधी उत्तर द्यायचं आहे. ते वाचल्यापासून माझं हातातल्या कामात लक्ष नाही. परवा वरणात दोनदा मीठ पडलं आणि घरच्यांनी ते निमूटपणे खाल्लं, यावरून काय ते समजा.

पत्र आहे धुळे जिल्ह्यातल्या, शिंदखेडा तालुक्यातल्या एका भगिनीचं. नाव छापू नका असं त्यांनी बजावलंय. त्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी जळगावकडे दिली. घर चांगलं, जावई गुणी, घेण्यादेण्याची कटकट नाही. मग तक्रार काय? तर मुलीला सासरी सगळे लाडाने ‘धुळेवाली’ म्हणतात. भाजी तिखट झाली की ‘धुळ्याचा हात’. ती सकाळी उशिरा उठली की ‘धुळ्याची गाडी लेट’. सगळे हसतात, तीही हसते. यात काही वावगं आहे असं बाईंनाही वाटत नव्हतं. पण गेल्या पाच-सहा महिन्यांपासून मुलगी फोनवर आईशी अहिराणीत बोलेनाशी झाली आहे. आई विचारते, “कशी शे माय?” आणि मुलगी सांगते, “मी बरी आहे. तुम्ही कशा आहात?”

त्यांनी पुढे एकच वाक्य लिहिलंय: ‘बाई, माझी पोर माझ्याशी पाहुण्यासारखी बोलते, मी काय करू?’

आता गंमत पाहा, हे पत्र यायचं कुणाकडे, तर माझ्याकडे! माझं माहेर धुळे आणि सासर जळगाव. लग्नाला अकरा वर्षं झाली. दोन गावांच्या मधलं अंतर एसटीने पारोळा, एरंडोल करत दोन-अडीच तासांचं. पण काही विचारू नका, या दोन-अडीच तासांत मला दर वेळी जणू वकीलपत्र बदलावं लागतं. धुळ्याच्या स्टँडवर उतरले की शेजारच्या काकू विचारतात, “काय म्हणतं तुमचं जळगाव? सोन्याचे रस्ते केले का?” आणि जळगावला परतले की सासरे, “काय, पांझरेला पाणी दिसलं का या वेळी?”

आमच्या लग्नाच्या बैठकीतच याची नांदी झाली होती. देण्याघेण्याचं, मानपानाचं सगळं सुरळीत ठरलं. आणि मग लग्न कुठल्या गावी करायचं यावरून माझे वडील आणि माझे होणारे सासरे यांची अशी काही जुंपली की मला वाटलं, मोडलं आता. वडील म्हणाले, “१९०६ पर्यंत तुम्ही आमच्याच जिल्ह्यात होतात.” सासरे म्हणाले, “म्हणून तर वेगळे झालो.”

वडिलांचं म्हणणं खोटं नव्हतं. एकच खानदेश जिल्हा होता आणि त्याचं ठाणं होतं धुळे. ब्रिग्ज नावाचा इंग्रज अधिकारी १८१८ च्या सत्तांतरानंतर इकडे आला, त्याने धुळ्याला कचेरी थाटली आणि सरळ रेषा मारून पेठ वसवली. आमच्याकडे आजही पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. (धुळ्यात कुणीही तुम्हाला छातीठोकपणे सांगेल की गाव विश्वेश्वरय्यांनी आखलं. ते नोकरीच्या सुरुवातीला खानदेशात होते हे खरं आहे, पण पेठ त्यांच्या जन्माच्या आधीची. हे मी एकदा वडिलांना सांगितलं, तर दोन दिवस त्यांचा अबोला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “जळगावला राहून बिघडलीस.”) तर १९०६ साली सरकारने या जिल्ह्याचे दोन केले. पूर्व खानदेश, त्याचं ठाणं जळगाव. पश्चिम खानदेश, त्याचं ठाणं धुळे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर दिशा गेल्या आणि गावांची नावं जिल्ह्यांना लागली. पुढे १९९८ च्या जुलैमध्ये धुळ्यातूनही नंदुरबार वेगळं निघालं. तेव्हापासून सासऱ्यांच्या हाती आणखी एक हुकमाचं पान आलंय. “तुमच्याकडे कोणी टिकत नाही हो,” असं ते म्हणतात.

सासऱ्यांचा खरा जीव रेल्वेत. जळगाव, भुसावळ ही गावं मुंबईच्या मुख्य लोहमार्गावर १८६० च्या दशकातच आली. कापसाचा व्यापार वाढला, जळगाव बघता बघता मोठं झालं. धुळ्याला मात्र चाळीसगावहून फाटा निघाला तो १९०० साली, आणि तो फाटा धुळ्यालाच येऊन थांबतो. “तुमच्याकडे गाडी येते ती मुक्कामालाच येते,” हे सासऱ्यांचं ठेवणीतलं वाक्य. यावर वडील मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात ते सांगणार, आणि मनमाड-इंदूर रेल्वेचं नाव काढणार. त्या रेल्वेची वाट पाहण्यात माझ्या आजोबांचा जन्म गेला. केंद्र सरकारने २०२४ च्या सप्टेंबरात तिला मंजुरी दिली, ३०९ किलोमीटरचा मार्ग, अठरा हजार कोटींच्या वरचा खर्च. वडिलांनी त्या दिवशी सासऱ्यांना फोन करून पेढे खायला बोलावलं. सासरे म्हणाले, “गाडी सुरू झाली की त्याच गाडीने येतो.”

विद्यापीठाचं तर विचारूच नका. पूर्वी दोन्ही जिल्हे पुणे विद्यापीठाखाली होते. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं ते जळगावला, गिरणेच्या काठी, बांभोरीजवळ. आमच्या घरात ती जखम अजून ओली आहे. वडिलांचं समाधान एवढंच की, ते विद्यापीठ आहे धुळ्याच्या रस्त्यावर!

बायकांचा सामना वेगळा चालतो. जळगावची नणंद म्हणते, देशाची पहिली महिला राष्ट्रपती आमची, प्रतिभाताई पाटील, जन्म आमच्या जिल्ह्यातल्या नाडगावचा. धुळ्याची वहिनी म्हणते, स्मिता पाटील आमच्या शिरपूरची. नणंद म्हणते, जन्म पुण्याचा ना तिचा? वहिनी म्हणते, वडिलांचं गाव ते मुलीचं गाव, आणि लताबाईंचं आजोळ कुठलं, माहीत आहे का? आमचं थाळनेर! आजोळाला तोड नाही. त्यावर नणंद गप्प बसते आणि चहा टाकते.

सगळ्यांत मजेची झटापट साने गुरुजींवरून. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, म्हणजे जळगाव जिल्ह्यात. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे विनोबांनी दर रविवारी गीतेवर एकेक प्रवचन दिलं, अठरा अध्याय पुरे केले, आणि गुरुजींनी ती प्रवचनं उतरवून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहेत. वडील म्हणतात, हे पुस्तक धुळ्याचं. सासरे म्हणतात, “गुरुजी आमचे. तुरुंग तेवढा तुमचा.”

हे वाचून तुम्ही हसलात ना? आम्हीही हसतो. अशी थट्टा नसती तर दोन्ही व्याह्यांना एकमेकांशी बोलायला विषय उरला नसता. आणि हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात बोरी आणि सुखेड अशी दोन गावं आहेत, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करकरून एकमेकींना शिव्या देतात. त्याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. तो दिवस संपला की शिव्याही संपल्या. विलायतेत डेव्हन आणि कॉर्नवॉल हे शेजारी परगणे आहेत. चहाबरोबर खायचा एक खुसखुशीत पाव असतो, त्याला स्कोन म्हणतात. त्यावर आधी साय लावायची की आधी जॅम, यावरून दोघांत वाद. डेव्हनवाले आधी साय लावतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम. माझ्या यजमानांनी हे वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “पोटात गेल्यावर कोन पाह्यते?” हे त्या म्हणाल्या! भरिताच्या बाबतीत मात्र त्यांना सगळं दिसतं.

भरिताचं सांगते. जळगावकडे भरितासाठी हिरवट-पांढरी, मोठी, कमी बियांची वांगी लागतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. वांगी भाजायची ती कपाशीच्या वाळल्या काड्यांवर. हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून घ्यायचा, सगळं लाकडी बडगीत ठेचायचं, वर शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात आणि तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. माझी आई काळं वांगं गॅसवर भाजते आणि त्यात लाल तिखट घालते. लग्नानंतर पहिल्यांदा मी आईच्या पद्धतीने भरीत केलं, तेव्हा सासूबाईंनी घास घेतला आणि विचारलं, “ही कशाची भाजी हाय?” त्या दिवशी मी मोरीत तोंड धुतलं ते बराच वेळ धुतलं. नंतर मी शिकले त्यांचं भरीत. आता आईकडे गेले की ती म्हणते, “तुझं ते जळगावचं कर.” आणि सासूबाईंना मी शेवभाजीचं काळं वाटण शिकवलं. त्या पाहुण्यांना सांगतात की ते यावलचं आहे. त्यांचं माहेर यावल ना! असो. मी खोडून काढत नाही.

तर भरितावरून बोललेलं मी कधीच विसरले. पण आपली बोली हसण्यावारी गेली की ते विसरता येत नाही, आणि पत्रातल्या बाईंची पोर नेमकी तिथेच अडली आहे.

तुम्ही इकडच्या नसाल तर थोडं सांगायला हवं. धुळ्याकडे, नंदुरबारकडे घराघरांत अहिराणी चालते. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या बाजूला निराळी बोली, तिला कुणी लेवा म्हणतं, कुणी तावडी. पण जिल्ह्याची हद्द आणि बोलीची हद्द एक नाही बरं का! चाळीसगाव, पारोळा, अमळनेर, भडगाव हे सगळे जळगाव जिल्ह्यातच आहेत आणि तिथे भरपूर अहिराणी आहे. म्हणजे अहिराणीला ‘धुळ्याची’ म्हणून हसणारा जळगावकर आपल्याच अर्ध्या जिल्ह्याला हसत असतो. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. २०१८ साली विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. त्यांची भाषा अहिराणी की लेवा, यावर माझ्या घरात दोन दिवाळ्या खर्ची पडल्या आहेत. वडील म्हणतात अहिराणी, सासरे म्हणतात आमची. मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं, म्हणून दोघेही निवाड्याला माझ्याकडे येतात. माझं मत सासऱ्यांच्या बाजूचं आहे, पण ते मी धुळ्यात बोलत नाही.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येते. हे लिहावं की न लिहावं, असं दोन दिवस चाललं होतं. पण त्या बाईंनी एवढ्या विश्वासाने लिहिलंय, तर मी लपवून कसं चालेल?

मी अर्धवेळ शिकवते. तीनेक वर्षांपूर्वी आमच्या सहावीच्या वर्गात साक्रीकडची एक मुलगी आली. वडिलांची बदली झाली होती. लहानखुरी, दोन घट्ट वेण्या. पहिल्याच आठवड्यात मी गृहपाठाच्या वह्या मागितल्या. ती उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, मनी वही घर राही गयी.”

वर्ग खो खो हसला. मीही हसले. आणि हसता हसता म्हणाले, “माझी वही घरी राहिली, असं म्हण. हे जळगाव आहे, धुळे नाही.”

मैत्रिणींनो, हे कोण बोललं? धुळ्याची मी, जिच्या घरी आजी ‘मना’ आणि ‘तुना’ म्हणतच गेली, ती मी! असं का बोलले, याचा मी पुष्कळ विचार केला. वर्गातल्या बऱ्याच मुलींना माझं माहेर ठाऊक होतं. ती अहिराणीत बोलली तेव्हा दोन-तीन मुलींनी चटकन माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या माझ्याकडे बघून हसतील. तेव्हा मी त्यांच्या आधी हसून घेतलं.

त्या पोरीने वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही. विचारलं की उत्तर वहीत लिहून दाखवायची. अक्षर मोत्यासारखं. मधल्या सुट्टीत एकदा ती नळापाशी एकटी दिसली, तेव्हा मी जवळ गेले आणि हळूच तिच्याशी अहिराणीत बोलले, घर बठ्ठा बरा शेतस ना, असं काहीतरी. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला पुन्हा कुठल्या तरी सापळ्यात पकडते आहे. म्हणाली, “हो बाई. सगळे बरे आहेत.” आणि बाटली अर्धीच भरून निघून गेली. एप्रिलमध्ये वडिलांची पुन्हा बदली झाली. दाखला न्यायला तिची आई आली होती, ती आली नव्हती.

दुसरी गोष्ट सासूबाईंची. ही मी त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. आम्ही दोघी नणंदेकडे पुण्याला गेलो होतो. लक्ष्मी रस्त्यावर एका दुकानात साड्या पाहताना सासूबाई विक्रेतीला म्हणाल्या, “ते हिरवं पातळ मले दाखव.” ती मुलगी गोड हसली आणि म्हणाली, “आजी, विदर्भातून आलात का? की खानदेशातून? मला सगळं सारखंच वाटतं.” तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण सासूबाईंनी पुढे एक शब्द काढला नाही. साडी घेतली नाही. रिक्षात बसल्यावर त्यांनी मला सांगितलं की नवी नवरी म्हणून यावलहून जळगावला आल्या, तेव्हा त्यांच्या मोठ्या जाऊबाई शहरातल्या होत्या, आणि पाहुणे आले की त्या यांना आतच बसवायच्या. का, तर ‘मले-तुले’ करते, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. सासूबाई रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ‘मला, तुला, मला, तुला’ असं मनात घोकायच्या.

मी ऐकत होते, आणि मला भरिताच्या वेळचा त्यांचा चेहरा आठवत होता. ज्या बाईला ‘मले’ म्हणून आत बसवलं, त्याच बाईने मला अकरा वर्षं ‘धुळ्याची’ म्हणून चिमटे काढले. राग यायला हवा होता, पण आला नाही. मी म्हटलं, “सासूबाई, माझी आई ‘माले’ म्हणते.”

त्या म्हणाल्या, “मंग? मी मले म्हनतो, ते माले म्हनते. एका कान्याचा तं फरक.”

होय हो, एका कान्याचाच! आणि त्यापायी दोन्ही बाजूंच्या किती बायका आत बसल्या असतील.

आता, शिंदखेड्याच्या माझ्या भगिनी, तुमचं. तुम्ही विचारलंत, मी काय करू? पहिली गोष्ट, विहीणबाईंना फोन करून जाब विचारू नका. त्यांना आपण काही चुकलो हेच ठाऊक नसणार, आणि तुमच्या फोननंतर मुलीला ‘धुळेवाली’च्या जोडीला ‘चुगलखोर’ही व्हावं लागेल. दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं, मुलगी शुद्ध बोलली तरी तुम्ही शुद्ध बोलू नका. ती ‘तुम्ही कशा आहात’ म्हणू दे. तुम्ही ‘माले बरं शे’ असंच म्हणा. तुम्हीही बदललात तर तिला परत यायला घरच उरणार नाही. मी हे अनुभवाने सांगते. मीही लग्नानंतरची पहिली काही वर्षं आईशी असंच बोलत होते, आणि आईनेही हळूहळू तसंच बोलायला सुरुवात केली. आम्ही दोघी मायलेकी एकमेकींशी वर्तमानपत्रासारखं बोलायचो.

जमलं तर चार-आठ दिवस लेकीकडे जाऊन राहा. लेकीच्या घरी राहायचं नाही वगैरे जुनं काढू नका, तो काळ गेला. जाताना हात रिकामे नेऊ नका, आणि स्वयंपाकघरात विहीणबाईंच्या शेजारी बसून काहीतरी निवडा, सोला, लाटा. त्या त्यांच्या बोलीत बोलतील, तुम्ही तुमच्या बोलीत बोला. दोन्ही म्हाताऱ्या आपापलं बोलतात हे नातवंडांनी आणि सुनेने ऐकलं म्हणजे पुष्कळ झालं.

आणि जावयांशी बोलायचं असेल तर ते तुमच्या मुलीनेच बोलावं. भाजीवरून, गाडीवरून, उन्हावरून हसा म्हणावं, (ऊन तर दोन्हीकडे पंचेचाळीसच्या घरात जातं, त्यात कोणी कोणाला हसायचं?) पण मी आईशी बोलताना हसू नका. एवढं एक वाक्य नवऱ्याला सांगायला सुनेला हरकत नसावी. माझ्या यजमानांना मी ते सातव्या वर्षी सांगितलं. ते म्हणाले, “मग आधी का नाही बोललीस?” पुरुषांचं असंच असतं. समोर चाललेलं त्यांना दिसत नाही, सांगितलं तर ऐकतात. निदान काही ऐकतात.

जळगावकडच्या सासवांनो, तुम्हीही हे वाचत असालच. तुमच्या सुनेला चिडवा, खुशाल चिडवा, माझी काही हरकत नाही. मीही माझ्या वहिनीला चिडवणार आहे. पण ती आपल्या आईशी फोनवर बोलताना दाराआड जाते का, एवढं एकदा बघा.

ते पत्र आलं त्या संध्याकाळची गोष्ट. सासूबाई ओट्याखाली बसून मेथी निवडत होत्या. मी एरवी आईला फोन करायला गच्चीत जाते. कपडे काढायचं निमित्त असतं. त्या दिवशी स्वयंपाकघरातच उभी राहून फोन लावला. आई म्हणाली, “हॅलो, बोल गं, काय म्हणतेस?” मी म्हटलं, “कशी शे माय?” पलीकडे काही क्षण आवाजच नाही. मला वाटलं, फोन कटला. मग आई जी सुरू झाली, ती शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, भावाच्या दुकानाचं भाडं, मांजरीची पिल्लं, अर्धा तास थांबली नाही. मला अधूनमधून शब्द आठवेना, तर ती पुरवत होती आणि हसत होती.

मी फोन ठेवला. सासूबाईंनी मेथीची जुडी बाजूला केली.

“काय म्हनते तुही माय?”

“बिबडे झालेत म्हणे. तुमच्यासाठी पाठवतेय.”

“धुळ्याचे बिबडे? त्याच्यात मीठ कमी राह्यते.” त्यांनी पुढची जुडी सोडली, मुळं तोडली, दोन पानं पिवळी होती ती वेगळी काढली. मग म्हणाल्या, “पाठव म्हना. मले आवडतात.”